लाडवांच्या डब्यावर काय लिहावे: 'रेगालो', 'देताये' की आणखी काही?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी नाशिकची असून यजमानांच्या नोकरीमुळे गेले आठ महिने स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला राहते आणि आठवड्यातून दोन दिवस स्पॅनिशच्या वर्गाला जाते. माझी अडचण एका शब्दाची आहे, पण मागची हकिगत सांगितल्याशिवाय ती नीट समजणार नाही.

गेल्या महिन्यात मला चार दिवस ताप होता. आमच्या वरच्या मजल्यावर सत्तरीच्या एक बाई एकट्या राहतात आणि त्यांची-माझी ओळख जिन्यात भेटल्यावर 'ओला' म्हणण्यापुरतीच होती. तरीही तापाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दार वाजवले आणि शेवया घातलेले गरम 'काल्दो', म्हणजे साधारण आपल्या सारासारखे पातळ सूप, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यातून हातात ठेवले. इथे अशा डब्याला 'तापेर' म्हणतात. तो डबा घासून-पुसून माझ्या ओट्यावर पडून आहे, कारण शेजारच्या घरून आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो हे आईने मनावर इतके बिंबवले आहे की स्पेनमध्येही हात धजावत नाही. त्यात बेसनाचे लाडू घालून द्यायचे आणि सोबत सावंतवाडीच्या रंगीत लाकडी फळांची छोटी परडी द्यायची असे ठरवले आहे. फळे मी येताना घरूनच आणली होती.

डब्यावर लावायच्या चिठ्ठीत मी 'उन रेगालो पारा उस्तेद', म्हणजे 'तुमच्यासाठी एक भेट', असे लिहिले आणि वर्गातल्या बाईंना दाखवले. त्यांनी 'रेगालो'वर रेघ मारून वर 'देताये' असे लिहिले. कारण विचारल्यावर 'असे अधिक बरे वाटते' एवढेच उत्तर मिळाले आणि तास संपला. घरी येऊन शब्दकोश उघडला, तर 'देताये'चा पहिला अर्थ 'तपशील' असा निघाला. 'तुमच्यासाठी एक तपशील' हे काही केल्या माझ्या गळी उतरत नाही. शिवाय त्याच शोधात 'ओब्सेकियो', 'प्रेसेन्ते' आणि 'रेकुएर्दो' हेही शब्द समोर आल्याने गोंधळ वाढलाच. यांपैकी कोणता शब्द कोठे वापरावा? आणि त्या बाईंनी मला जे दिले ती खरे तर वस्तू नव्हती, कृती होती; आभार मानताना त्या कृतीला काय म्हणावे?

शब्दवेडा

गोदाकाठताई, तुमच्या बाईंची दुरुस्ती अगदी योग्य आहे. मी पुण्यात बरीच वर्षे स्पॅनिश शिकवले असून 'रेगालो'वर अशी रेघ मीही अनेकदा मारली आहे, त्यामुळे कारण सांगण्याचे काम माझ्याकडे घेतो.

'रेगालो' हा शब्द चुकीचा मुळीच नाही. वाढदिवसाला, लग्नात किंवा 6 जानेवारीला तीन राजांच्या सणाला मुलांना जे मिळते ते सारे 'रेगालो'च असते. पण हा शब्द उच्चारला की लक्ष वस्तूकडे जाते आणि घेणाऱ्याच्या मनात लगेच परतफेडीचा विचार येतो. आपल्याकडे 'आहेर' म्हटल्यावर वहीत नोंद करणारी एक आत्या डोळ्यांसमोर उभी राहते, तसेच काहीसे. 'देताये' म्हटले की वस्तू मागे सरते आणि देणाऱ्याला आपली आठवण झाली एवढेच पुढे उरते. स्पॅनिश राजअकादमीच्या कोशात या शब्दाखाली 'तपशील' हा अर्थ आहेच, परंतु सौजन्य, जिव्हाळा किंवा माया दाखवणारे वर्तन असा एक स्वतंत्र अर्थही दिलेला आहे, आणि रोजच्या बोलण्यात तुमच्या कानांवर पडतो तो बहुधा हाच. त्यामुळे तुमचे दोन्ही प्रश्न एकाच शब्दाने सुटतात. तुमचे लाडू हे 'देताये' आणि त्यांनी तापात आणून दिलेले काल्दो हेही 'देताये'. वस्तू आणि कृती या दोहोंना एकाच पदरात घेणारा असा शब्द मला मराठीत अजून सापडलेला नाही. 'खाऊ' बराच जवळ येतो, कारण खाऊची किंमत कोणी विचारत नाही, पण सत्तरीच्या बाईंना आपण खाऊ आणला असे म्हणत नाही.

आता व्याकरणाचा एक मुद्दा, कारण मराठी माणूस नेमका येथेच अडखळतो. आपल्याला 'मला भेट दिली', 'त्यांना भेट दिली' अशी 'ला' आणि 'ना' यांची सवय असते, पण कृतीच्या अर्थी 'देताये' हा शब्द 'देणे' या क्रियापदाबरोबर येत नाही, 'तेनेर' म्हणजे 'असणे, जवळ असणे' या क्रियापदाबरोबर येतो आणि ज्याच्यासाठी ते केले त्याच्यापूर्वी 'कोन', म्हणजे 'शी' किंवा 'सोबत', हे अव्यय लागते. 'आ तेनिदो उन देताये मुय बोनीतो कोनमीगो' याचा अर्थ 'तुम्ही माझ्याशी फार छान वागलात, माझी आठवण ठेवलीत' असा होतो. हे वाक्य जिन्यात भेटल्यावर तोंडी म्हणावे. डब्यासाठी मात्र वस्तूच आणलेली असल्याने 'ले ए त्राईदो उन देताये', म्हणजे 'तुमच्यासाठी छोटेसे काही आणले आहे', हे साधे वाक्य पुरेसे आहे. त्यातला 'ले' हा 'उस्तेद'ला, म्हणजे आपल्या 'अहो-जाहो'ला, धरून आहे आणि वयाचा मान म्हणून तो योग्यच आहे. तथापि त्या स्वतःच 'तुतेआमे', म्हणजे 'मला अगं-तुगं कर', असे म्हणण्याची बरीच शक्यता आहे.

तुम्ही विचारलेल्या इतर शब्दांपैकी 'ओब्सेकियो' हा छापील आणि दुकानी शब्द आहे. ठरावीक रकमेच्या खरेदीवर मिळणारी पिशवी किंवा पाहुण्या शिष्टमंडळाला दिलेले स्मृतिचिन्ह यांना तो शोभतो, लाडवांना नाही. 'प्रेसेन्ते' त्याहूनही भारदस्त असून बोलण्यात फारसा येत नाही. आपण शेजारणीला 'नजराणा' पेश केला असे म्हटल्यावर जसे वाटेल तसे ते वाटते. 'दादिवा' हा शब्द कोठे दिसला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. साहित्यात त्याला 'दान' असा जुना अर्थ आहे, पण स्पेनच्या दंडसंहितेत लाचखोरीच्या कलमांत तोच वापरलेला आहे.

'रेकुएर्दो' मात्र मी वगळणार नाही. एखाद्या ठिकाणाची आठवण म्हणून दिलेल्या वस्तूला तो अगदी नेमका बसतो आणि तुमची लाकडी फळे तशीच आहेत. माझे मत विचाराल तर लाडवांना 'उन देताये' म्हणावे आणि परडीला 'उन रेकुएर्दो दे मि तिएर्रा', म्हणजे 'माझ्या मुलुखाची आठवण', असे म्हणावे.

कृतीसाठी कोणी 'खेस्तो' सुचवेल, आणि 'उन खेस्तो बोनीतो' असे विशेषणासह तो शब्द चांगलाही आहे. पण नुसत्या 'खेस्तो'चा पहिला अर्थ चेहऱ्यावरचा किंवा हाताचा हावभाव असा असून 'तोर्सेर एल खेस्तो' म्हणजे नाक मुरडणे. नवशिक्याने त्या वाटेने न गेलेले बरे.

बोगोताकर

वरचे उत्तर स्पेनपुरते उत्तम आहे. परंतु मी तीन वर्षे कोलंबियात होतो आणि माझी फसगत 'देताये'ने नव्हे, 'रेगालो'च्याच घरातल्या क्रियापदाने केली, म्हणून थोडी भर घालतो.

बोगोतातल्या पहिल्याच आठवड्यात कार्यालयाखालच्या उपाहारगृहात शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी 'मे रेगाला उन तिन्तो?' असे विचारले. मी स्पेनच्या पुस्तकातून शिकलेलो असल्याने मला त्यात 'मला तांबडी वाइन भेट देता का?' असा अर्थ ऐकू आला. सकाळचे आठ वाजले होते. काउंटरवरच्या बाईंनी निर्विकार चेहऱ्याने कोऱ्या कॉफीचा छोटा पेला पुढे सरकवला, गृहस्थांनी पैसे मोजले आणि ते निघून गेले. कोलंबियात 'तिन्तो' म्हणजे कोरी कॉफी आणि 'रेगालार' म्हणजे विनंतीचा नम्र सूर, हे मला नंतर उमगले. 'मे रेगाला सु फिर्मा' म्हणून तुमची सही मागतात, 'मे रेगाला ला ओरा' म्हणून किती वाजले ते विचारतात. यात फुकट काहीच मिळत नाही. आपणही 'जरा पाणी देता का' या प्रश्नात 'जरा' घालतो ते पाणी थोडे हवे म्हणून नव्हे, त्याच जातीचा हा प्रकार आहे.

याच संदर्भात आणखी एका शब्दाची ओळख करून द्यावीशी वाटते, कारण छोट्या भेटीचा तो माझा सर्वांत आवडता स्पॅनिश शब्द आहे. भाजीवाली मावशी पिशवीत वर कोथिंबिरीच्या चार काड्या आणि दोन मिरच्या टाकते, त्याला कोलंबियात आणि कॅरिबियन किनाऱ्यावर 'न्यापा' म्हणतात, तर पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना या भागांत 'यापा' म्हणतात. शब्द मूळचा केचुआ या दक्षिण अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या भाषेतला असून त्याचा अर्थ भर, वाढीव भाग असा आहे. मेक्सिकोत त्यालाच 'पिलोन' हे नाव आहे. हा 'न्यापा' पुढे अमेरिकेतल्या लुइझियानात पोहोचला आणि तिथल्या फ्रेंच भाषकांच्या तोंडी 'ला' हा उपपदाचा तुकडा त्याला असा चिकटला की न्यू ऑर्लिन्समध्ये आज त्याला 'लान्याप' म्हणतात. माझ्या घराजवळच्या बेकरीत दहा पाव मोजून झाले की मालक अकरावा हातात धरून क्षणभर माझ्याकडे बघत असे. मी 'न्यापा?' असे विचारले की तो पिशवीत पडे, न विचारल्यास परडीत परत जाई. कोथिंबीर मात्र आपल्याकडे न मागता मिळते, किंवा निदान मिळत असे.

लॅटिन अमेरिकेत 'देताये'ला आणखी एक अर्थ आहे, तोही ध्यानात ठेवावा. 'एल देताये एस के...' अशी कोणी सुरुवात केली तर पुढे भेट येत नाही, अडचण येते. मराठीत ज्याला ग्यानबाची मेख म्हणतात, ती.

सह्याद्रीचा पाहुणा

'रेकुएर्दो'बद्दल एक सावधगिरीची सूचना करतो. हा शब्द एकवचनी असेपर्यंत ठीक आहे, पण अनेकवचनात त्याचा अर्थ पालटू शकतो. मी माद्रिदमध्ये असताना सुट्टीसाठी साताऱ्याला निघालो, तेव्हा माझ्या वयस्कर घरमालकांनी दारात 'रेकुएर्दोस आ तु माद्रे' असे म्हटले. आईसाठी ते काहीतरी आठवणवस्तू देत आहेत असे समजून मी बॅग खाली ठेवली आणि हसतमुखाने उभा राहिलो. तेही हसतमुखाने उभे राहिले. अर्धा मिनिट असे गेल्यावर त्यांच्या पत्नीने 'याचे काही राहिले आहे का?' असे विचारले. स्पेनमध्ये या वाक्याचा अर्थ 'आईला नमस्कार सांग' एवढाच होतो. तेव्हा गोदाकाठताई, चिठ्ठीत फळांना 'रेकुएर्दोस' असे अनेकवचन लावू नका. परडी एक आहे, 'उन रेकुएर्दो'च योग्य.

मांडवी

आमच्या गोव्यात जुन्या घरांतून पोर्तुगीजचे संस्कार असल्याने स्पॅनिश शिकताना उलटीच अडचण येते. पोर्तुगालच्या पोर्तुगीजमध्ये भेटीला 'प्रेन्दा' म्हणतात आणि छोट्या आठवणभेटीला 'लेंब्रांसा'. त्या भरवशावर मी वर्गात 'उना प्रेन्दा पारा ती' असे स्पॅनिशमध्ये लिहिले, तेव्हा शिक्षिकेने 'कोणता कपडा?' असे विचारले. स्पॅनिशमध्ये 'प्रेन्दा' म्हणजे अंगावरचे वस्त्र किंवा तारण ठेवलेली वस्तू. दोन भाषा सख्ख्या बहिणी असल्या तरी आहेराच्या बाबतीत त्यांचे जमत नाही असे दिसते.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चिठ्ठी नव्याने लिहिली असून 'देताये' आता गळी उतरला आहे. मात्र त्यावरून आणखी एक प्रश्न निघाला. नाताळ जवळ आला आहे आणि आमच्या इमारतीच्या 'पोर्तेरो'ला, म्हणजे दारवानाला, सगळी बिऱ्हाडे मिळून पाकिटातून पैसे देणार आहेत. त्यालाही 'देताये' म्हणावे का? आमच्या वर्गातल्या मेक्सिकन मैत्रिणीने 'आगिनाल्दो' हा शब्द सांगितला, पण तिच्या मते तो पगाराचा भाग असतो आणि त्यात भेट देण्यासारखे काहीच नाही.

शब्दवेडा

दोघीही आपापल्या जागी बरोबर आहात. मेक्सिकोत 'आगिनाल्दो' हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे. तिथल्या संघीय श्रम कायद्याच्या 87व्या कलमानुसार तो किमान 15 दिवसांच्या वेतनाइतका असतो आणि 20 डिसेंबरपूर्वी द्यावा लागतो. अर्जेंटिनातही वर्षातून दोन हप्त्यांत मिळणाऱ्या जादा वेतनाला लोक 'आगिनाल्दो'च म्हणतात. स्पेनमध्ये तशा वेतनाला 'पागा एक्स्त्रा' असे वेगळे नाव असल्याने 'आगिनाल्दो' हा शब्द जुन्या अर्थाने मोकळा राहिला आहे: नाताळाची गाणी म्हणत दारी आलेल्या मुलांच्या हातावर ठेवलेली नाणी, किंवा सणानिमित्त दारवानाला, टपालवाल्याला दिलेले पैसे. थोडक्यात, मेक्सिकोतला आगिनाल्दो म्हणजे आपला दिवाळी बोनस आणि स्पेनमधला आगिनाल्दो म्हणजे आपली दिवाळीची पोस्त. तुमच्या पाकिटाला हाच शब्द लावा. पैशांना 'देताये' म्हणता येते, परंतु सगळ्या इमारतीने वर्गणी काढून दिलेल्या रकमेला ते थोडे लाडिक होते.

'प्रोपीना' म्हणजे टीप हा शब्द मात्र येथे नको. तो हॉटेलातल्या वाढप्यासाठी किंवा सामान वर आणून देणाऱ्यासाठी आहे, वर्षभर दार सांभाळणाऱ्या माणसासाठी नाही. जाता जाता सांगतो, 'प्रोपीना'च्या मुळाशी पिण्यास आमंत्रण देणे या अर्थाचे क्रियापद आहे. आपण 'चहापाण्याला' म्हणून पैसे देतो आणि स्पॅनिश लोकांच्या शब्दातही पेय लपलेले आहे, हे मला प्रथम कळले तेव्हा फार मौज वाटली होती.

गोदाकाठ

काल डबा आणि परडी देऊन आले, म्हणून हकिगत पूर्ण करते. दार उघडताच मी पाठ केलेले 'ले ए त्राईदो उन देताये' हे वाक्य म्हटले. त्यांनी लगेच 'नो तेनियास के आबेर्ते मोलेस्तादो' असे म्हटले. मला त्याचा अर्थ तिथल्या तिथे कळला, कारण माझी आई दारात उभी राहून 'अगं, कशाला त्रास घेतलास एवढा!' म्हणते तेव्हा तिचा सूर हुबेहूब असाच असतो. आपल्याकडे भेट पाहुणा गेल्यावर उघडण्याची रीत असल्याने मी निघू लागले, तर त्यांनी हाताला धरून आत नेले आणि माझ्यासमोरच परडीचा कागद सोडला. लाकडी सीताफळ त्यांनी कधी पाहिले नव्हते. ते उलटसुलट करून पाहिल्यावर ओट्यावरच्या खऱ्या संत्र्यांच्या शेजारी ठेवले, दोन पावले मागे सरून पाहिले आणि 'पुएस बाया देताये!' असे म्हणाल्या. 'बाया'चा अर्थ मला ठाऊक नाही. हे कौतुक होते की टोमणा? चेहरा हसरा होता, पण घरी आल्यापासून मी याचाच विचार करत आहे.

शब्दवेडा

'बाया' हा शब्द 'केवढे हे!' अशा उद्गाराचे काम करतो आणि तो दोन्हीकडे वळतो, जसे आपले 'काय पण भेट आहे!' हे वाक्य नुसते वाचले तर कौतुक की टोमणा ते सांगता येत नाही. टोमणा असता तर वस्तू बाजूला ठेवली गेली असती आणि विषय बदलला असता. ज्या बाईंनी ते सीताफळ खऱ्या संत्र्यांच्या पंगतीला मांडले आणि मागे सरून पाहिले, त्यांचे 'बाया' कौतुकाचेच होते. पुढच्या खेपेला त्या तोच शब्द वापरतील, तेव्हा 'मे आलेग्रो दे के ले गुस्ते', म्हणजे 'तुम्हाला आवडले याचा आनंद वाटतो', असे उत्तर द्यावे. आणि डब्याचे काय झाले ते तुम्ही लिहिले नाही.

गोदाकाठ

डबा त्यांच्याकडेच आहे. लाडू काढून घेऊन तो रिकामाच माझ्या हाती देऊ लागल्या होत्या. तो मुळात त्यांचाच आहे हे त्यांच्या ध्यानात आल्यावर आम्ही दोघीही हसलो.